साठीनंतर वाकलेली पाठ आणि इंदुरातलं मोठं ऑपरेशन: आईच्या हॉस्पिटलचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. हे साडेचार सर्जनच्या टीमचे, फिजिओ ताईंचे आणि वॉर्डातल्या सिस्टरांचे. अर्धा कापलाय तो डिस्चार्जच्या दिवसाचा, त्याबद्दल खाली लिहिलंय. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण काही गोष्टी स्पष्ट बोलायच्या आहेत, आणि नावापेक्षा त्यांनी काय काय केलं ते समजलं तर तुम्ही कुठल्याही हॉस्पिटलात तेच मागू शकता. एवढंच सांगते की एबी रोडवर आहे आणि स्पाइनचं युनिट वेगळं आहे.

माझी आई 66 वर्षांची, राहते रामबागेत, जुनं घर, खाली ओटी आणि वर जायला उभा जिना. गेली काही वर्षं तिची पाठ एका बाजूला कलत चालली होती आणि त्याहून वाईट म्हणजे पुढे वाकत चालली होती. सकाळी बरी असायची, दुपारनंतर चालताना जमीनच बघत चालायची, डावा पाय मांडीपासून भरून यायचा, राजवाड्यापर्यंत जायचं तर वाटेत तीनदा कोणाच्या तरी पायरीवर टेकायची. सगळे म्हणायचे वय झालं, आता पोक यायचंच. अन्नपूर्णेच्या देवळात जाणं बंद झालं, मग भाजीला जाणं बंद झालं, मग लग्नकार्यांना जाणं, आणि हे सगळं इतकं हळूहळू झालं की घरातल्यांच्या नजरेत भरायला वेळ लागला.

आधी आणखी एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे एमआरआय बघितला, पेशंटकडे फारसं बघितलंच नाही, आणि सांगितलं की नस दबलीय, छोटं दुर्बिणीचं ऑपरेशन करू, दोन दिवसात घरी. आता गोष्ट अशी आहे की एमआरआय झोपवून काढतात, आणि आईची सगळी अडचण उभं राहिल्यावरची. झोपल्यावर कण्यावर वजन येत नाही, बाक बराच कमी दिसतो. एवढा बाक असलेल्या कण्यात नुसती नस मोकळी करायला हाड खरवडलं तर बाक आणखी वाढू शकतो, हे आम्हाला पुढे कळलं. सगळ्यांनाच मोठं ऑपरेशन लागतं असं नाही हां, ज्यांचा बाक लहान आहे, तोल बरोबर आहे आणि फक्त पायात कळ येते त्यांना छोटं ऑपरेशन पुरतं. पण ते ठरवायला आधी उभ्याने मोजावं तर लागेल ना.

या हॉस्पिटलात पहिल्याच ओपीडीत सर्जननी आईच्या बाह्या वर करायला सांगितल्या आणि दोन्ही कोपरं बघितली. मला कळेना पाठीचा डॉक्टर कोपरं का बघतोय. आईच्या दोन्ही कोपरांना काळे, जाड घट्टे पडले होते. सर्जन म्हणाले, आंटी, खाना बनाते टाइम प्लॅटफॉर्म पे कोहनी टिका के खड़ी रहती हैं ना? आई एकदम चकित. खरंच ती वर्षानुवर्षं ओट्यावर कोपरं टेकवून पोळ्या लाटायची, भाजी परतायची, कारण हात सोडले की धड पुढे पडायचं, आणि रोज तिच्यासमोर जेवायला बसणाऱ्या आम्हा कोणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. कमरेचा नैसर्गिक, आतला बाक गेलेल्या बायकांमध्ये ही खूण डॉक्टर लोकांच्या ओळखीची आहे म्हणे. त्या मिनिटाला मला वाटलं की इथे पेशंट बघतात.

मग पूर्ण उंचीचा उभा एक्स-रे. हा नुसता कमरेचा नव्हे, डोक्यापासून मांडीच्या हाडापर्यंत एकाच फोटोत, समोरून एक आणि बाजूने एक. गुडघे सरळ ठेवायचे आणि मुठी गळ्याखालच्या आडव्या हाडाजवळ टेकवायच्या, नाहीतर पेशंट नकळत गुडघे वाकवून तोल सावरतो आणि फोटो खोटा येतो. तिथल्या टेक्निशियनने आईला दोनदा परत उभं केलं कारण ती गुडघे वाकवत होती. कुठल्याही स्पाइनवाल्याकडे गेलात आणि त्याने हा फोटो न काढता मोठ्या ऑपरेशनची तारीख दिली, तर उठून या.

त्या फोटोवरून कळलं ते थोडक्यात लिहिते, कारण आम्हाला हे मराठीत कुठेच वाचायला मिळालं नाही. बाजूला वाकलेला कोन मोजतात तो कॉब अँगल, 10 अंशांच्या वर असला की स्कोलिओसिस म्हणायचं. ही पद्धत 1948 पासून चालत आलीय. आईचा कमरेतला हा बाजूचा बाक 46 अंश होता. मोठ्यांमध्ये हा आजार दोन वाटांनी येतो, एक म्हणजे लहानपणी, वयात येताना झालेला बाक जो नंतर वाढत जातो (छातीच्या भागात 50 अंशांच्या वर असेल तर वाढ थांबल्यावरही साधारण वर्षाला एक अंश वाढतो), आणि दुसरा म्हणजे आईसारखा, पन्नाशीनंतर मणक्यांमधल्या गाद्या आणि सांधे एका बाजूने जास्त झिजून नव्यानेच आलेला. पण सर्जन म्हणाले की 46 हा आकडा मला इतका छळत नाही, मला छळतोय तो पुढचा तोल. मानेच्या शेवटच्या मणक्यापासून सरळ खाली ओळंबा सोडला तर तो सेक्रमच्या (माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड) वरच्या मागच्या कोपऱ्याजवळ पडायला हवा, पाच सेंटिमीटरपर्यंत पुढे चालतो, आईचा नऊच्या आसपास पुढे होता. तंबूचा मधला खांब कलला की मागच्या दोऱ्या सतत ताणलेल्या राहतात, तसे पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू दिवसभर धड मागे ओढत बसतात, म्हणून संध्याकाळी ती गळून जायची. मोठ्या माणसांत दुखण्याचा आणि अपंगत्वाचा संबंध बाजूच्या बाकापेक्षा या पुढच्या तोलाशी जास्त असतो, हे आता जगभर मान्य आहे आणि 2012 पासून वापरात असलेल्या वर्गीकरणातही तोल, कमरेचा नैसर्गिक बाक आणि ओटीपोटाच्या हाडाचा कल हे तिन्ही मोजतात.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्यांनी ऑपरेशन लगेच केलं नाही. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, केली, खुब्याचा टी स्कोर उणे 2.7 आला, उणे 2.5 पासून खाली ऑस्टिओपोरोसिस धरतात. अशा भुसभुशीत हाडात स्क्रू धरत नाहीत, सैल होतात किंवा वरचा मणका बसतो. मग हाड घट्ट करणारं टेरिपॅराटाइडचं पेन सुरू केलं, रोज एक टोचणी, पोटावर नाहीतर मांडीवर, पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, सोबत व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम. आई स्वतःच टोचून घ्यायला शिकली. काही महिने हे चाललं, शुगरही ताब्यात आणली. आमच्याच वेळेला एक काका होते, त्यांचं ऑपरेशन तंबाखूवरून पुढे ढकललं, कारण निकोटीनने हाड जुळत नाही, आणि आईलाही सिस्टरने मिश्री लावता का हे दोनदा विचारलं. नातेवाइकांनी आम्हाला खूप ऐकवलं की डॉक्टर टाळतोय, मुंबईला न्या, अहमदाबादला न्या. तुम्हाला कोणी असं थांबवत असेल तर घाबरू नका, थांबवणारा सर्जन तुमचा विचार करतोय.

त्याच काळात बाकीचे उपायही करून घेतले. फिजिओ, चालणं, गोळ्या, एकदा नसेजवळचं इंजेक्शन ज्याने पायाची कळ काही आठवडे खूप कमी झाली आणि मग परत आली. बेल्टबद्दल एक गोष्ट नक्की सांगते कारण छावणीच्या दुकानांपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे पाठ सरळ करणारे बेल्ट विकतात: मोठ्या माणसाचा वाकडा कणा बेल्टने सरळ होत नाही. थोडा वेळ आधार मिळतो, बस. वाढत्या वयातल्या मुलांची गोष्ट वेगळी, तिथे ब्रेसचा खरा उपयोग असतो.

आणि मग ती मीटिंग. सर्जन, फिजिओ ताई, आई, भाऊ आणि मी, बराच वेळ बसलो होतो. त्यांनी प्लॅन काढून दाखवला, छातीच्या दहाव्या मणक्यापासून थेट ओटीपोटाच्या हाडापर्यंत स्क्रू आणि दोन रॉड, मधे काही ठिकाणी मागचे सांधे कापून कणा मोकळा करायचा, खालच्या दोन गाद्यांच्या जागी केज (मधे बसवायचा ठोकळा) आणि हाडाचा चुरा, म्हणजे तेवढे मणके जुळून एकच हाड होतं. मणक्याचा पाचरीसारखा तुकडा काढायची मोठी पद्धतही असते, तिने एका जागी तीसएक अंश मिळतात, पण रक्तस्राव आणि धोका जास्त, आईचा कणा थोडा लवचीक होता म्हणून ती लागणार नव्हती. मग ते म्हणाले, आंटी, नीचे झुकना अब कभी नहीं होगा. पायात मोजे घालणं अवघड, जमिनीवर मांडी घालून बसणं सोडा, भारतीय बैठकीचा संडास कायमचा बंद, शौचानंतर धुवायलासुद्धा हात पोचेल की नाही हे आधी बघावं लागेल. हे वाक्य ऐकून आई लाजली आणि खोलीत शांतता झाली, पण फिजिओ ताईंनी तिला बाजूला नेऊन कडक बेल्ट बांधला आणि संडासात, पलंगावर, खुर्चीवर सगळं करून बघायला लावलं, एक लांब दांडीची पट्टी दिली, जेट कुठे बसवायचा ते सांगितलं. आई बाहेर येऊन म्हणाली, जमेल. इतक्या डॉक्टरांमध्ये हा विषय कोणीच काढला नव्हता, आणि म्हातारपणात बाईच्या इज्जतीचा हाच पहिला प्रश्न असतो. साडेचार स्टारमधले दोन तर याच मीटिंगचे आहेत.

धोकेही स्पष्ट सांगितले. इन्फेक्शन, नसेला इजा, पाय कमजोर होणं, पायात रक्ताची गुठळी, रॉड तुटणं, हाड न जुळणं, आणि रॉड जिथे संपतात त्याच्या वरच्या मणक्यात नव्याने पोक येणं. एवढ्या लांब ऑपरेशननंतर दहातल्या दोन-तीन जणांना पुढच्या काही वर्षांत परत टेबलावर जावं लागतं, हेही सांगितलं. भावाने विचारलं की मग करायचंच कशाला, तर म्हणाले की करायलाच हवं असं नाही, जीव जायचा आजार नाहीये, बिना ऑपरेशनची तब्येत फारशी बिघडत नाही पण फारशी सुधारतही नाही, आयुष्य कसं हवंय ते आंटीने ठरवायचं. उत्तर अमेरिकेत 40 ते 80 वयाच्या कमरेच्या स्कोलिओसिसच्या पेशंटवर मोठा अभ्यास झाला, 2019 मध्ये छापून आला, त्यात ऑपरेशन केलेल्यांचं दुखणं आणि वावर दोन वर्षांनी जास्त सुधारला होता, पण गंभीर गुंतागुंतीही होत्याच. आईने दोन दिवस मागितले आणि मग स्वतः हो म्हणाली. आम्ही कोणी तिला ढकललं नाही.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, सकाळी नेलं ते दिवेलागणीला बाहेर आणलं. दोन गोष्टी मात्र एस्टिमेट घेताना नक्की विचारा. एक, न्यूरोमॉनिटरिंग आहे का आणि बिलात धरलंय का. कणा सरळ करताना नस ताणली तर मशीनवर लगेच सिग्नल पडतो आणि सर्जन हात थांबवू शकतो. पूर्वी हे नव्हतं तेव्हा पेशंटला ऑपरेशनच्या मधे जागं करून पाय हलवायला सांगायचे, 1973 मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी ती पद्धत लिहिली. दुसरं, रक्त. आम्हाला डोनर आधी लावून ठेवायला सांगितलं होतं, रक्तस्राव कमी करायचं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडही देतात. रॉड सरळसोट का नाहीत, वाकवलेले का आहेत, हे भावाने विचारलं तेव्हा सर्जननी सांगितलं की 1960 च्या दशकातल्या हॅरिंग्टन रॉडनी कणा ताणून सरळ व्हायचा पण कमरेचा नैसर्गिक बाक सपाट व्हायचा आणि वीस-वीस वर्षांनी ते पेशंट पुढे वाकून यायचे, म्हणून आता बाक मोजून रॉड वाकवतात. आणि म्हाताऱ्या माणसाला तरुण मुलीइतकं ताठही करायचं नसतं, जास्त ताठ केलं की वरचा मणका बसतो.

आयसीयूत पहिलं वाक्य होतं, पायाचा अंगठा वर करा. आईने दोन्ही पायांचे अंगठे वर केले आणि मी बाहेर येऊन रडले.

वॉर्डातल्या सिस्टरांना पैकीच्या पैकी. कूस बदलताना दोघीजणी चादरीला धरून खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवायच्या, ओंडक्यासारखं, मधे पीळ पडू द्यायच्या नाहीत, आणि रात्री तीन वाजताही तेवढ्याच काळजीने. केरळची एक सिस्टर होती तिला मराठी येत नव्हतं, आईला तिचं हिंदी कळत नव्हतं, पण तीच आली की आई निर्धास्त. पोट मधेच फुगलं, दोन दिवस काही गेलं नाही, गॅस अडकला, हे असं होतं म्हणाले आणि खरंच उतरलं. दुसऱ्या दिवशी वॉकरने उभं केलं. रविवारी फिजिओ येत नाहीत, हे बदलायला हवं, एवढं मोठं ऑपरेशन करून पेशंट एक अख्खा दिवस पलंगावर का राहावा. कँटीनचे पोहे बरे, बाकी काही खाऊ नका, घरून डबा आणा.

डिस्चार्ज. सकाळी राउंडला सुट्टी मिळाली आणि घरी निघालो ते रात्री, कारण टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम बघणारी एजन्सी) आणि बिलिंग एकमेकांकडे बोट दाखवत बसले, आणि टाके ओले असलेली बाई खुर्चीत. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकात स्पष्ट आहे की कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासात द्यायची, उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते विमा कंपनीने भरायचे. मी हे काउंटरवर मोबाइलवर दाखवल्यावर फाइल हलली. प्रिंट काढून जवळ ठेवा. भावाच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी होती म्हणून जुन्या आजाराचं वेटिंग आडवं आलं नाही, स्वतःची पॉलिसी असेल तर आधी तपासा, जुन्या आजारासाठी आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकतात. इम्प्लांटचे (स्क्रू-रॉडचे) स्टिकर फाइलमध्ये लावलेत ना हेही बघा, क्लेममध्ये मागतात. एस्टिमेटपेक्षा बिल वाढलं, पण कशाने वाढलं ते ओळीने लिहून दिलं, त्यामुळे तक्रार नाही.

घर आधीच तयार करा. आम्ही खालच्या खोलीत पलंग आणला, कमोडवर उंच सीट आणि शेजारी दांडी, हात असलेली उंच खुर्ची, खाली पडलेलं उचलायचा लांब चिमटा, देवघर टेबलावर. वाकणं, उचलणं, पिळणं पहिले तीन महिने बंद, हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं. पहिले दीड महिने कठीण गेले, हे कोणी लपवू नये. आईला मधे वाटलं की उगाच केलं, भूक नाही, झोप नाही, सारखी चिडचिड. तिसऱ्या महिन्यानंतर उतार पडला. महालक्ष्म्यांना या वर्षी मुखवटे तिने उभ्याने बसवले, पाटावर बसायचं सगळं काम वहिनीने केलं आणि आई शेजारी खुर्चीत बसून सांगत होती. पायाची कळ गेलीय. ओट्यापाशी ती आता कोपरं न टेकवता उभी असते, घट्टे अजून आहेत पण मऊ पडलेत. उंची वाढली, जुने पेटीकोट आखूड होतात. पाठ मात्र लाकडासारखी ताठ वाटते असं म्हणते आणि ते तसंच राहणार, हे आम्हाला आधी सांगितलेलं होतं म्हणून स्वीकारता आलं. पायाची नखं मी कापते.

फॉलोअपला तोच पूर्ण उभा एक्स-रे परत काढतात, दीड महिन्यांनी, मग तीन, सहा, वर्ष, आणि पुढे दरवर्षी. फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, मोजणी सीडीवर नीट होते. वर्षाच्या फोटोत रॉड-स्क्रू जागेवर आहेत, पण वरच्या टोकाच्या मणक्यापाशी थोडा नवा बाक दिसतोय. सर्जननी स्वतःहून दाखवला, आकडा फाइलवर लिहिला, म्हणाले आंटीला तिथे दुखत नाही तोवर हात लावायचा नाही, सहा महिन्यांनी परत मोजू, टेरिपॅराटाइड चालू ठेवा. ती मोजणी झाली की इथेच अपडेट टाकते.